“मामा, हा चोरी कधी करणार?” : २०१०च्या ‘रॉबिन हूड’चा प्रकरण अभ्यास

२०१०च्या मे महिन्यात अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन मी रिडली स्कॉटचा ‘रॉबिन हूड’ पाहायला गेलो होतो. भाच्याला रॉबिन माहीत होता तो शाळेच्या वाचनालयातल्या पातळ पुस्तकातून. हिरवे कपडे, टोपीत खोचलेलं पीस, झाडावरून उडी, सावकाराची थैली हिसकावली आणि म्हातारीच्या ओंजळीत ओतली. मध्यंतर झालं तरी यातलं काही पडद्यावर आलं नव्हतं. किल्ल्याला वेढा पडला, राजा मेला, मुकुट लंडनला पोचला, धाकटा भाऊ गादीवर बसला, करवसुलीची फर्मानं सुटली. हातात पॉपकॉर्नचा पुडा घेऊन भाच्याने विचारलं, “मामा, हा चोरी कधी करणार?”

मी म्हटलं, “थांब, करेल.” दोन तास वीस मिनिटांच्या त्या चित्रपटात रॉबिन कायद्याबाहेरचा माणूस ठरतो तो अगदी शेवटच्या काही मिनिटांत. घरी येताना भाचा गप्प होता. मला चित्रपट आवडला होता, तरीही त्याचा प्रश्न मनातून जाईना. तेव्हापासून हा चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहिला, सुमारे पंधरा मिनिटं जास्तीची असलेली दिग्दर्शकाची आवृत्तीही पाहिली, रॉबिनची जुनी गाणी वाचली, तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या सनदा वाचल्या. ओळखीच्या दंतकथेला वास्तवाच्या मातीत उतरवायचा एक मोठा, प्रामाणिक आणि अतिशय खर्चिक प्रयत्न कुठे चुकला, हे मला समजून घ्यायचं होतं.

प्रकरण काय आहे

युनिव्हर्सल स्टुडिओने २००७च्या सुरुवातीला एक पटकथा विकत घेतली. नाव ‘नॉटिंगहॅम’, लेखक ईथन रीफ आणि सायरस व्होरिस. तिचा नायक रॉबिन हूड नव्हता, नॉटिंगहॅमचा शेरीफ, म्हणजे राजाने परगण्यावर नेमलेला अधिकारी होता. पिढ्यान्‌पिढ्या खलनायक म्हणून रंगवलेला हा अधिकारी इथे खुनांचा तपास करत होता आणि त्याचा संशय रॉबिनवर होता. रसेल क्रो शेरीफची भूमिका करणार होता. रिडली स्कॉट दिग्दर्शक म्हणून आला आणि गोष्ट हलायला लागली. मध्यंतरी शेरीफ आणि रॉबिन या दोन्ही भूमिका क्रोनेच कराव्यात, अशीही कल्पना चर्चेत होती. मग अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप आला, चित्रीकरण पुढे गेलं, ब्रायन हेल्गलंडने पटकथा नव्याने लिहिली. २००९च्या वसंतात कॅमेरा सुरू झाला तेव्हा क्रो रॉबिन झाला होता. शेरीफ (मॅथ्यू मॅकफॅडियन) मोजक्या प्रसंगांपुरता उरला होता.

१२ मे २०१० रोजी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन या चित्रपटाने झालं. खर्च सुमारे २० कोटी डॉलर सांगितला गेला, जगभरातली तिकीटविक्री सुमारे ३२ कोटी डॉलर झाली. त्यातले अमेरिकेतले साधारण साडेदहा कोटी. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तिकिटाच्या पैशातला जवळपास अर्धा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा असतो. चित्रपट “इथून दंतकथा सुरू होते” अशा वळणावर संपतो. म्हणजे पुढचा भाग डोळ्यांसमोर होता. तो कधीच आला नाही.

मातीचा आग्रह

इंग्रजीत अशा पुनर्कथनाला ‘ग्रिटी’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ खडीसारखा, दाताखाली कचकचणारा. दंतकथेवरचा मुलामा खरवडायचा, चकचकीत कपडे उतरवायचे, भूक, जखमा आणि घाण दाखवायची, हा त्यामागचा विचार. १९३८चा टेक्निकलरमधला एरॉल फ्लिनचा रॉबिन हसत हसत फांदीवरून झेपावतो. स्कॉटला नेमकं ते नको होतं.

आणि मातीचं काम त्याच्या पथकाने मनापासून केलं आहे. सरे परगण्यात त्यांनी नॉटिंगहॅमचं अख्खं गाव उभारलं. गवताची छपरं, पाणी साचलेले रस्ते, कोंदट अंधाऱ्या खोल्या, त्यात आंधळा म्हातारा सर वॉल्टर (मॅक्स फॉन सिडो) आणि स्वतः शेतात राबणारी मॅरियन (केट ब्लँचेट). या मॅरियनच्या हातांना काम माहीत आहे, हे पाहताक्षणी पटतं. कोठारात बियाणं नाही, चर्चने धान्य उचललं आहे, गावातली अनाथ पोरं रानात पळून जाऊन जनावरांसारखी जगताहेत आणि रात्री येऊन चोरी करताहेत. ही पोरं म्हणजे चित्रपटातले सगळ्यात खरे फरारी. त्यांच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात, याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिल्या भागातला एक प्रसंग तर मी कधीच विसरणार नाही. वेढ्याच्या रात्री राजा रिचर्ड छावणीत फिरतोय, त्याला एक प्रामाणिक माणूस हवा आहे. मारामारी करताना सापडलेल्या रॉबिनला तो विचारतो की माझ्या धर्मयुद्धावर देव प्रसन्न होईल का. रॉबिन म्हणतो, नाही होणार. तो अक्रा शहराची आठवण काढतो. तिथे राजाच्या हुकमावरून कैद्यांची कत्तल झाली, तेव्हा हात बांधलेल्या एका बाईने त्याच्याकडे वर पाहिलं. तिच्या नजरेत भीती नव्हती, राग नव्हता, फक्त कीव होती. तुमचा हुकूम सुटला आणि आमच्या तलवारी खाली आल्या, त्या क्षणी आपण सगळे देवाला मुकणार हे तिला कळलं होतं. राजा म्हणतो, प्रामाणिक आहेस, शूर आहेस आणि भोळा आहेस. पुढच्या दृश्यात रॉबिन आणि त्याचे सोबती लाकडी खोड्यात अडकवलेले दिसतात.

ही कत्तल खरी आहे. २० ऑगस्ट ११९१ रोजी रिचर्डने अक्राच्या सुमारे २,७०० कैद्यांना मारायला लावलं. ज्या राजाला रॉबिनच्या बहुतेक गोष्टींत शेवटी घोड्यावरून येऊन न्याय देणारा देवमाणूस केलेलं असतं, त्याच्या तोंडावर त्याच्याच सैनिकाने हे बोलावं, हे खरं दाताखाली कचकचणारं आहे. इथे कपड्यांवरच्या चिखलाचा संबंधच नाही. दोन माणसं, एक प्रश्न, आणि खरं बोलल्याची शिक्षा.

असा प्रसंग लिहू शकणाऱ्यांच्या हातून पुढचा चित्रपट इतका सुरक्षित का झाला?

गुन्हा काढून घेतला

माझं निदान सरळ आहे. निर्मात्यांनी नायकाच्या अंगावर चिखल चढवला आणि त्याच वेळी त्याच्या हातातला गुन्हा काढून घेतला. एक अपवाद सोडला (त्याकडे शेवटी येतो), तर हा रॉबिन दरोडा घालत नाही. एका मरत्या सरदाराला शब्द देतो म्हणून त्याची तलवार घरी पोचवायला जातो. सरदाराच्या बापाने गळ घातली म्हणून त्या मुलाचं सोंग घेतो. फ्रेंच हल्ला येतो तेव्हा राजाच्या बाजूने लढतो आणि जिंकून देतो. त्यानंतर कृतघ्न राजा त्याला कायद्याबाहेर टाकतो. म्हणजे हा बंडवाला बंड न करताच बंडवाला ठरतो. सगळा दोष राजाचा, नायकाचे हात स्वच्छ.

जुन्या गाण्यांत असं नाही. रॉबिनच्या गाण्यांचा पहिला उल्लेख सुमारे १३७७ सालच्या एका काव्यात येतो. एका आळशी पाद्र्याला नीट प्रार्थना येत नाही, पण रॉबिनची गाणी मात्र येतात. आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या गाण्यांपैकी ‘रॉबिन हूड आणि मंक’ (मंक म्हणजे मठात राहणारा ख्रिस्ती साधू) हे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या हस्तलिखितात आहे. सुरुवात मे महिन्यातल्या कोवळ्या पानांच्या वर्णनाने होते. मग नेमबाजीच्या पैजेत हरलेले पैसे रॉबिन आपल्या टोळीतल्या लिटल जॉनला देत नाही आणि वर त्याच्या अंगावर हात टाकतो. एकटाच नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये जातो, तिथे पूर्वी त्याने लुटलेला एक मंक त्याला ओळखतो आणि शेरीफला खबर देतो. रॉबिन पकडला जातो. जॉन आणि टोळीतलाच मच हे दोघे राजाकडे पत्र घेऊन निघालेल्या मंकला वाटेत गाठतात. जॉन मंकचं डोकं उडवतो. सोबत एक लहान चाकर पोरगा आहे. मच त्या पोराला मारून टाकतो, कारण तो जाऊन सांगेल अशी भीती. गाणं तिथे थांबत नाही, हळहळत नाही. पुढच्या ओळीत दोघे पत्र घेऊन चालू लागतात.

मला ही ओळ वाचताना पोटात कालवलं होतं. तो पोरगा कोण, कुठला, गाण्याला देणंघेणं नाही. पण मचलाही मजा आलेली नाही. पकडलं गेलं तर फास आहे आणि साक्षीदार जिवंत सोडणं परवडत नाही, एवढाच हिशोब.

गिसबर्नचा ‘गाय’ (हे माणसाचं नाव) याच्यावरचं गाणंही तसंच. रॉबिनला मारायला आलेला गाय घोड्याचं कातडं पांघरून आलेला आहे, शेपटी आणि आयाळीसकट. रॉबिन त्याला मारतो, डोकं कापतो, धनुष्याच्या टोकाला खोचतो आणि कोणी ओळखू नये म्हणून सुरीने चेहरा चरचर चिरतो. मग तेच कातडं स्वतः पांघरून शेरीफकडे जातो. हे गाणं ज्या हस्तलिखितामुळे वाचलं, ते अठराव्या शतकात टॉमस पर्सी या संग्राहकाला एका मित्राच्या घरी जमिनीवर पडलेलं सापडलं. मोलकरणी त्याची पानं चूल पेटवायला वापरत होत्या.

या गाण्यांमधला रॉबिन ‘यीओमन’ आहे. सरदार नाही, गुलाम कुळही नाही, मधल्या थरातला माणूस. त्याच्या टोळीचा नियमही ठरलेला: नांगर धरणाऱ्याला हात लावायचा नाही, बिशपांना बांधून बडवायचं आणि नॉटिंगहॅमच्या शेरीफला विसरायचं नाही. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणं हा धंदा या जुन्या गाण्यांत जवळजवळ नाहीच. त्याने गरिबांचं भलं केलं, असं सुमारे १५०० साली छापलेल्या एका लांबलचक गाण्याच्या अगदी शेवटी म्हटलं आहे, तेवढंच. मॅरियन नंतर आली. रॉबिनला अर्ल, म्हणजे बडा सरदार केलं ते १५९८ साली अँथनी मंडेच्या नाटकांनी. आणि राजा रिचर्ड व त्याचा धाकटा भाऊ जॉन यांच्या काळात त्याला बसवलं ते १५२१ साली जॉन मेजर नावाच्या स्कॉटिश इतिहासकाराने. त्या लांबलचक गाण्यातला राजा एडवर्ड आहे.

म्हणजे “दंतकथेमागचा खरा माणूस” शोधायला निघालेल्या चित्रपटाने ११९९ हे साल घेतलं, ते दंतकथेवर उशिरा चढलेल्या एका थरातून. यात पाप काही नाही. पण मुलामा खरवडायचाच होता तर खालचं लाकूड गाण्यांत होतं. तिथपर्यंत कोणी गेलं नाही.

स्कॉटच्या रॉबिनला मात्र वंशपरंपरा मिळाली आहे, वेगळ्या प्रकारची. त्याचा बाप गवंडी होता आणि त्याने लोकांच्या हक्कांची सनद लिहिली होती, म्हणून त्याला मारलं गेलं. गावातल्या एका दगडाखाली बापाच्या आणि मुलाच्या हातांचे ठसे सापडतात. मंडेने रॉबिनला सरदारकी दिली, या पटकथेने त्याला विचारांची जहागीर दिली. दोन्हीकडे भीती एकच दिसते: साधा चोर नायक म्हणून चालेल का?

कोणती सनद?

इथे मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे, कारण निर्मात्यांच्या हातून खरा ऐवज निसटला तो इथेच.

चित्रपट मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या प्रसिद्ध सनदेच्या दिशेने जातो. ती सनद जून १२१५मध्ये रनीमीडच्या कुरणावर जॉनने मान्य केली आणि पोपने ऑगस्टमध्ये रद्दही केली. चित्रपट तिला सोळा वर्षं मागे ओढतो. काळाची अशी ओढाताण कथेत चालते. पण ती सनद मुख्यतः सरदारांची होती: वारसाहक्काची रक्कम, विधवांचे हक्क, लष्करी सेवेऐवजी द्यायचा कर. रानात हरीण मारणाऱ्या माणसाच्या आयुष्याशी जास्त जवळची सनद दुसरी होती.

राजाचं ‘फॉरेस्ट’ म्हणजे नुसती झाडी नव्हे. तो कायद्याने आखलेला प्रदेश असे, त्यात गावं, शेतं, माळरानंही येत. त्या हद्दीत हरीण, रानडुक्कर राजाचे. झाडाची फांदी तोडली, नवी जमीन नांगराखाली आणली, तर दंड. हद्दीत राहणाऱ्या माणसाच्या कुत्र्याच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटावी लागत, म्हणजे ते हरणामागे धावू नये. छाटली नसतील तर तीन शिलिंग दंड. आपल्याकडे जंगलखात्याच्या हद्दीत पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा आणि मोहाच्या फुलांसाठी भांडलेल्या माणसांना यातला जाच समजावून सांगायची गरज नाही.

६ नोव्हेंबर १२१७ रोजी बाल राजा तिसऱ्या हेन्रीच्या नावाने वनसनद निघाली. तिच्या दहाव्या कलमात लिहिलं आहे की आमच्या हरणांपायी इथून पुढे कोणाचा जीव जाणार नाही, कोणाचा अवयव तोडला जाणार नाही. पकडला गेला तर जबर दंड. दंड भरायला काही नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस तुरुंग. त्यानंतर जामीन मिळाला तर सुटका, नाहीतर देश सोडून जायचं. एवढी ‘दया’ सनदेत लिहून घ्यावी लागली, यावरून त्याआधी कशाची भीती होती ते समजतं. ही सनद काढणारा राजप्रतिनिधी कोण? विल्यम मार्शल. तोच मार्शल चित्रपटात आहे, विल्यम हर्टने तो केला आहे. मार्शल आहे, राजा जॉन आहे, रान आहे, नायक तर रानात राहण्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि रानाचा कायदा मात्र गोष्टीचा कणा होत नाही. रॉबिनच्या भाषणात आपल्या चुलीसाठी रानातून काही गोळा करण्याच्या मुभेचा उल्लेख येतो. एका श्वासात येतो आणि जातो.

आता शेरीफ. हा अधिकारी परगण्याचं ठरलेलं उत्पन्न राजाच्या तिजोरीत भरत असे आणि वरचं स्वतःकडे राही. आपल्या भाषेत सांगायचं तर परगणा इजाऱ्याने घेतलेला. जॉनने त्या ठरलेल्या रकमेवर वाढीव मागण्या सुरू केल्या. शेरीफ त्या कुठून भरणार? ज्याच्या दारात जाऊन तो ओरडू शकतो, त्याच्याकडूनच. कैदेत पडलेल्या रिचर्डच्या सुटकेसाठी मागितलेले दीड लाख मार्क (पैसे मोजायचं तेव्हाचं एकक), नॉर्मंडीतली युद्धं, जॉनच्या मोहिमा, हे सगळं शेवटी अशाच दारांवर येऊन थांबलं.

१२०८च्या सुमारास नॉटिंगहॅम आणि डर्बीच्या परगण्यांवर फिलिप मार्क नावाचा माणूस नेमला गेला. फ्रान्समधल्या तुरेन प्रांतातला, जॉनचा भरवशाचा लढवय्या. १२१५च्या मॅग्ना कार्टाचं पन्नासावं कलम काढून पाहा. काही माणसांना अधिकारावरून पूर्ण काढून टाकू, असं राजाकडून नावानिशी वदवून घेतलं आहे. त्या यादीत फिलिप मार्क, त्याचे भाऊ, त्याचा पुतण्या आणि शेवटी त्यांचा सगळा गोतावळा आहे. नॉटिंगहॅमचा शेरीफ मॅग्ना कार्टात नाव घेऊन हाकललेला आहे! आणि हाकलला गेला का? नाही. पुढच्याच वर्षी सनद पुन्हा निघाली त्यात ते कलम वगळलं होतं. मार्क १२२४पर्यंत खुर्चीवर होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, तरी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. रॉबिन हूड आणि मॅग्ना कार्टा एकत्र आणू पाहणाऱ्या चित्रपटाला याहून चांगलं काय हवं होतं? मूळ पटकथेचा नायकच शेरीफ होता. वरून पैशाचा तगादा, खाली उपाशी गाव, स्वतःचा हात दोन्हीकडे बरबटलेला. अशा माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं असतं तर फरारी रॉबिन खरोखर धोकादायक दिसला असता. तो चांगला की वाईट हे प्रेक्षकाला स्वतः ठरवावं लागलं असतं.

मग काय घडलं असावं

स्टुडिओत कोणी काय म्हणालं ते मी सांगणार नाही. पडद्यावर दिसतं त्यावरून बोलतो. मोठ्या पैशाच्या चित्रपटाला मोठा शत्रू लागतो, म्हणून फ्रेंच आले. मोठा शत्रू आला की मोठी लढाई आली. वेल्सच्या किनाऱ्यावर चित्रित केलेली ती लढाई पाहताना १९४४चं नॉर्मंडी आठवतं. सपाट तोंडाच्या होड्या, पुढची फळी धाडकन खाली पडते, सैनिक पाण्यात उतरतात. प्रत्यक्षात फ्रेंच राजपुत्र लुई १२१६च्या मे महिन्यात केंटच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा जॉन न लढता मागे हटला होता. आणि लुईला बोलावलं होतं खुद्द इंग्लंडच्या बंडखोर सरदारांनी. परकं आक्रमण आलं की सगळे एक, हे चित्रपटाचं चित्र सोयीचं आहे. खरी परिस्थिती फार अवघड होती: आपल्याच राजापेक्षा परका बरा, असं म्हणण्यापर्यंत माणसं आली होती.

त्यात अमेरिकेतलं पीजी-१३ प्रमाणपत्र. लहान मुलंही तिकीट काढू शकतील अशा चौकटीत रक्त किती दाखवायचं याला मर्यादा येते. चिखलाला मर्यादा येत नाही. मला वाटतं, म्हणूनच या प्रकारच्या चित्रपटांत राखाडी आभाळ आणि मळके कपडे भरपूर असतात. ते स्वस्तात मिळणारं वास्तव आहे.

तिसरं कारण वयाचं. रॉबिन फरारी ‘कसा झाला’ ही गोष्ट सांगताना क्रो पंचेचाळीस वर्षांचा होता. १९७६च्या ‘रॉबिन अँड मॅरियन’मध्ये शॉन कॉनरीही त्याच वयाच्या आसपास होता, आणि तिथे तो थकलेला, शेवटाकडे आलेला रॉबिन आहे. तो चित्रपटही शालूसच्या किल्ल्यापाशी, रिचर्डच्या मृत्यूपासूनच सुरू होतो. पण दिग्दर्शक रिचर्ड लेस्टरने नायकाला पुढे ढकललं नाही, खाली बसवलं. वीस वर्षांनी रानात परतलेला माणूस सकाळी उठताना कण्हतो. अंगावरच्या जखमांच्या खुणा मॅरियन (ऑड्री हेपबर्न) मोजते. शेरीफ (रॉबर्ट शॉ) त्याला पुरता ओळखून आहे आणि दोघांनाही कळतंय की हे भांडण आता उरकायला हवं. तिथे लढाई म्हणजे जड तलवारी कशाबशा उचलणारे दोन दमलेले पुरुष. मला तरी रॉबिनच्या कुठल्याही चित्रपटात इतकं खरं वाटणारं द्वंद्व दुसरं दिसलेलं नाही.

धान्याची गाडी

२०१०च्या चित्रपटावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. मध्यंतरानंतर थोड्या वेळाने एक चोरी होते. गावचं धान्य यॉर्कच्या बिशपकडे चाललं आहे. गाडी रात्री रानातून जाते. रॉबिन आणि त्याचे सोबती ती अडवतात. नवा पाद्री टक (मार्क ॲडी) मधमाश्या पाळणारा, मध्यस्थ तोच. आणि मग चोरलेलं धान्य ते कुणाच्या घरी नेऊन वाटत नाहीत. रात्रीच शेतात जाऊन पेरतात. अंधारात माणसं ओळीने चालताहेत, हात फिरतोय, बी मातीत पडतंय. सकाळी गाव उठेल तेव्हा चोरीचा माल जमिनीखाली असेल. तो परत मागायला कोणता शिपाई येणार?

भाचा त्या वेळी खुर्चीत पुढे सरकून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तो काही बोलला नाही. त्या चार-पाच मिनिटांत गाव, भूक, चर्चचा हक्क, गुन्हा आणि गुन्ह्यामागचं शहाणपण, सगळं एका गाडीत मावलं आहे. कुठलंही भाषण नाही. गुन्हा खरा, कारण खरं, आणि पकडलं गेल्यास शिक्षाही खरी.

माझ्या मते अख्खा चित्रपट या गाडीमागे जायला हवा होता. बिशपचे लोक चौकशीला आले असते. शेरीफला हिशोब द्यावा लागला असता. कोणीतरी पाहिलं असतं, कदाचित त्या रानातल्या पोरांपैकीच एकाने. आणि मग त्या साक्षीदाराचं काय करायचं, हा मचपुढे आला तोच प्रश्न रॉबिनपुढे आला असता. त्याने काय केलं असतं मला ठाऊक नाही, पण ते पाहायला मी पुन्हा तिकीट काढलं असतं. चित्रपट मात्र किनाऱ्याकडे वळतो.

मराठीत ‘रॉबिनहूड’ हा आता सामान्य शब्द झाला आहे. ‘गरिबांचा रॉबिनहूड’ असं आपण बातमीत सहज लिहितो. टंट्या भिल्लाला परदेशी वृत्तपत्रांनी भारताचा रॉबिन हूड म्हटलं, ते आजही अभिमानाने सांगितलं जातं. टंट्याला १८८९च्या डिसेंबरमध्ये जबलपूरला फाशी दिली गेली. उद्या कोणी मराठीत टंट्यावर किंवा उमाजी नाईकांवर ‘मातीतला’ चित्रपट करायला घेतला, तर हे प्रकरण त्याने समोर ठेवावं असं मला मनापासून वाटतं. कपडे मळवण्याआधी जंगलाचा कायदा वाचावा, सावकाराचा कागद वाचावा, फौजदाराची नोंद वाचावी. इंग्लंडच्या सरकारी हिशोबात १२२५च्या आसपास यॉर्कशायरमध्ये ‘रॉबर्ट हॉड, फरारी’ अशी एक नोंद आहे. दंतकथेतला रॉबिन तोच, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. त्याच्या जप्त मालाची किंमत लिहिली आहे: ३२ शिलिंग ६ पेन्स. कारकुनाने पुढच्या एका वर्षी तेच नाव ‘हॉबहॉड’ असं लिहिलं आहे, म्हणजे तोवर तो सापडला नव्हता.